आराखड्यातील वक्ररेषेला आकड्यांची भाषा देणारा अभियंता

यंत्रभागांचे आराखडे संगणकावर काढणाऱ्या कोणत्याही कार्यालयात एक तक्रार हमखास ऐकू येते. एका सॉफ्टवेअरमध्ये काढलेले रेखाचित्र दुसऱ्यात उघडले की वर्तुळाचे वर्तुळपण जाते, त्याची त्रिज्या मोजता येत नाही आणि एका सलग रेषेचे दहा-बारा तुकडे झालेले असतात. त्या तुकड्यांवर माऊस टेकवला असता दोन्ही टोकांना छोट्या दांड्या उमटतात. त्या ओढल्या की रेषा वाकते. ज्यांच्या नावाने ही रेषा ओळखली जाते, ते पिएर बेझिए हे मोटारींच्या कारखान्यात उभी हयात घालविलेले फ्रेंच अभियंते होते. आराखडा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बिघडतो, हे दुखणे संगणक येण्याच्या कितीतरी आधीचे आहे, आणि बेझिए यांच्या संशोधनाचा उगम त्याच दुखण्यात आहे.

बेझिए यांचा जन्म १ सप्टेंबर १९१० रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील अभियंता आणि आजोबाही अभियंता, त्यामुळे मुलाने कोणती वाट धरावी याविषयी घरात फारशी चर्चा झाली नसावी. १९३० मध्ये त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची आणि लगेच पुढच्या वर्षी विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळविली. १९३३ मध्ये ते रेनो कंपनीत रुजू झाले आणि १९७५ मध्ये तेथूनच निवृत्त झाले. ४२ वर्षे एकाच कंपनीत काढणाऱ्या या माणसाची सुरुवात मात्र अवजारे जुळविणारा कामगार म्हणून झाली होती. लोखंड हाताळण्याचा हा अनुभव त्यांच्या पुढील गणितातही डोकावत राहिला.

दुसऱ्या महायुद्धात ते युद्धकैदी झाले. स्वयंचलित यंत्रांविषयीच्या त्यांच्या कल्पना छावणीतील त्या सक्तीच्या रिकामपणात आकाराला आल्या. सुटकेनंतर १९४५ मध्ये ते अवजारांच्या आरेखन विभागाचे प्रमुख झाले, तर १९४८ मध्ये उत्पादन अभियांत्रिकीचे संचालक. रेनोच्या '४ सीव्ही' या छोट्या मोटारीचे बहुतेक यांत्रिक भाग ज्या ट्रान्सफर लाइनवर तयार होत, त्या उभारण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. या लाइनवर भाग एका यंत्राकडून पुढच्या यंत्राकडे आपोआप सरकत जाई. १९५७ मध्ये त्यांच्याकडे मशिन टूल विभाग आला आणि आकड्यांच्या आज्ञेवर चालणाऱ्या ड्रिलिंग-मिलिंग यंत्राच्या निर्मितीत त्यांनी लक्ष घातले. इंजिनाचे भाग या यंत्रांच्या आवाक्यात होते. सरळ रेषा, वर्तुळे आणि गोल छिद्रे आकड्यांत मांडणे अवघड नव्हते. मोटारीच्या बाह्यांगाची कथा निराळी होती.

त्या काळी मोटारीचे बाह्यांग कसे तयार होई, हे थोडे सविस्तर पाहायला हवे. शैलीकार आधी लहान आकारात कल्पना रेखाटी आणि मातीचा नमुना घडवी. त्यावरून मापे घेऊन पूर्ण आकाराचे रेखाचित्र काढले जाई. या रेखाचित्रात ठरावीक अंतरावरील छेद तेवढे असत, दोन छेदांमधल्या भागाविषयी कागद मुका असे. तो भाग आरेखक लवचीक पट्टी वाकवून आपल्या अंदाजाने भरत असे. पुढे टेम्प्लेट कापली जात, त्यांवरून प्लॅस्टरचा नमुना, त्यावरून मुख्य नमुना आणि त्याची नक्कल करून पत्रा दाबण्याच्या डाय. प्रत्येक पायरीवर आकार एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाई आणि प्रत्येक वेळी किंचित बदले. शेवटी दरवाजा चौकटीत नीट बसला नाही की वाद सुरू होत. रेखाचित्र खरे, प्लॅस्टर खरे की डाय खरी? प्रत्येक विभागाजवळ आपापला पुरावा असे आणि दुरुस्तीत महिने जात.

१९६० च्या सुमारास, वयाच्या पन्नाशीत, बेझिए यांनी या साखळीच्या मुळाशीच हात घातला. नक्कल अधिक काळजीपूर्वक करण्याऐवजी नक्कल करण्याची गरजच संपवावी, असे त्यांचे मत होते. शैलीकाराने ठरविलेली वक्ररेषा एकदाच आकड्यांत नोंदवायची आणि तेच आकडे आरेखकाने, डाय बनविणाऱ्याने व तपासनिसाने वापरायचे. वाद झालाच तर निवाडा आकड्यांनी करायचा. हे साधायचे तर गणित शैलीकाराच्या हाताला मानवणारे हवे होते, कारण समीकरणे सोडवीत बसणे हा त्याचा पिंड नव्हे.

त्यांची पहिली कल्पना भूमितीची होती. एका चौकोनी पेटीत एक मूळ वक्र बसवायचा, पेटी तिरकी केली किंवा ताणली की आतला वक्रही तसाच बदलेल. पुढे पेटीची जागा सलग जोडलेल्या काही रेषाखंडांनी घेतली. चार बिंदू घ्या. रेषा पहिल्यापासून निघते आणि चौथ्याला पोहोचते, मधले दोन तिला आपल्याकडे ओढतात. बिंदू हलविला की रेषा त्याच्या मागे जाते. संपूर्ण आकार फिरवायचा वा मोठा करायचा असेल तर फक्त हे चार बिंदू फिरवावे किंवा मोठे करावेत, उरलेले काम सूत्र करते. अवकाशातील अशा एका रेषेला १२ आकडे पुरतात, तर १६ बिंदूंनी बांधलेल्या पृष्ठभागाच्या तुकड्याला ४८.

कंपनीत या कल्पनेचे स्वागत थंडपणे झाले. एवढी चांगली पद्धत असती तर ती अमेरिकनांनी आधीच शोधली असती, असा सूर वरिष्ठांत होता. एका सामान्य अभियंत्याचे गणित कोणी मानणार नाही हे ओळखून बेझिए यांनी ओनेझिम दुराँ नावाच्या एका प्राध्यापकाच्या नावावर आपली सूत्रे खपविली. असा प्राध्यापक अस्तित्वातच नव्हता! मान्यवरांच्या नावाला मिळणारा मान विचाराला मिळत नाही, हा अनुभव केवळ आपल्याकडचाच नाही तर.

चिकाटी मात्र कामी आली. 'युनिसर्फ' ही त्यांची प्रणाली १९६८ मध्ये उभी राहिली आणि १९७५ मध्ये, त्यांच्या निवृत्तीच्याच वर्षी, रेनोमध्ये पूर्णपणे वापरात आली. १९६८ पासून ते पॅरिसच्या 'कला व हस्तव्यवसाय राष्ट्रीय संस्थे'त प्राध्यापकही होते. १९७७ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी गणितातील डॉक्टरेट मिळविली.

श्रेयाचा प्रश्न थोडा नाजूक आहे. सिट्रोएन या प्रतिस्पर्धी कंपनीत पॉल द कास्तेलजो या तरुण गणितज्ञाने १९५९ मध्येच हीच वक्ररेषा वेगळ्या वाटेने शोधली होती. सिट्रोएनने ती गुपित ठेवली, तर बेझिए यांनी आपले काम प्रसिद्ध केले. साहजिकच जगाने रेषेला त्यांचे नाव दिले. केंब्रिजच्या रॉबिन फॉरेस्ट यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, की तिचे गणित रशियन गणितज्ञ सर्गेई बर्नस्टाईन यांनी १९१२ मध्ये मांडलेल्या बहुपदींवर आधारित आहे. बेझिए रेषाखंडांची भाषा बोलत होते, फॉरेस्ट यांनी तीच गोष्ट बिंदूंच्या भाषेत मांडली. रेषा तीच, नोंदण्याची तऱ्हा तेवढी बदलली, आणि तिच्या आकारात तसूभरही फरक पडला नाही.

सर्वच रूपांतरे इतकी निर्दोष नसतात. पुढे प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीने आपापला फाइल-प्रकार आणला. १९८२ मध्ये ऑटोकॅडसोबत 'डीएक्सएफ' आला. त्याआधी १९८० मध्ये अमेरिकेत 'आयजेस' हा देवाणघेवाणीचा प्रकार ठरला होता आणि १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय 'स्टेप' मानक प्रसिद्ध होऊ लागले. १९८४ च्या 'पोस्टस्क्रिप्ट'ने तिसऱ्या घाताची बेझिए रेषा छपाईत नेली, पुढे 'पीडीएफ'नेही तीच स्वीकारली. दुसऱ्या घाताची रेषा तिसऱ्या घाताच्या रेषेत अचूक बदलता येते, उलट दिशेने मात्र बहुधा तडजोड करावी लागते. वर्तुळ तर अशा साध्या बहुपदी रेषेत कधीच अचूक मावत नाही. पाव वर्तुळाला चार बिंदूंची एक रेषा वापरण्याची रूढ पद्धत घेतली, तर त्रिज्येच्या सुमारे ०.०२७ टक्के इतकी चूक येते. छापील चित्रात ती कोणाला दिसणार? पण एक मीटर त्रिज्येच्या पत्र्यावर ती पाव मिलिमीटरहून अधिक भरते, आणि डाय बनविणाऱ्याला तेवढी पुरेशी असते. म्हणूनच छपाईच्या फाइलमधून परत आणलेल्या आराखड्यावर जाणकार आरेखक वर्तुळे पुन्हा काढून घेतात. मूळ केंद्र व त्रिज्या ही माहिती रूपांतरात निघून गेलेली असते.

आता वाचकाच्या पडद्यावर दिसणारी देवनागरी अक्षरेही याच कुळातील रेषांनी आखलेली आहेत. 'क'ची गाठ आणि 'ळ'ची दोन वर्तुळे मोटारीच्या बाह्यांगासाठी शोधलेल्या सूत्राने वळतात, हे गमतीचेच.

बेझिए यांना १९८५ मध्ये संगणकीय चित्रणातील मानाचा स्टीव्हन कून्स पुरस्कार मिळाला. २५ नोव्हेंबर १९९९ रोजी त्यांचे निधन झाले. २००७ पासून भौमितिक प्रतिमानाच्या क्षेत्रात त्यांच्या नावाने पुरस्कार देण्यात येतो. २०१२ मध्ये तो पॉल द कास्तेलजो यांना देण्यात आला. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते.