खळाळत्या पाण्याचा वेध घेणारे सर क्लॉड इंग्लिस

खडकवासला धरणाच्या खालच्या अंगाला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचा विस्तीर्ण परिसर आहे. नद्या, बंदरे आणि धरणे येथे लहान आकारात बांधून त्यांत खरे पाणी खेळविले जाते. या कामाचा पाया घालणारे सर क्लॉड इंग्लिस यांचे नाव जलशास्त्रज्ञ आजही आदराने घेतात. पुणेकरांना मात्र त्याचा विसर पडला आहे.

इंग्लिस यांचा जन्म १८८३ मध्ये डब्लिन येथे झाला. ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण घेऊन ते १९०६ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. दख्खनच्या कालव्यांवर तेव्हा वेगळेच संकट ओढवत होते. दुष्काळी मुलखाला पाणी मिळाले, ऊस डोलू लागला. पण नीरा कालव्याखालच्या काळ्या जमिनी पाणथळ होऊन खारवट पडू लागल्या. १९१६ मध्ये सुरू झालेल्या विशेष पाटबंधारे विभागापुढे हाच प्रश्न होता आणि त्याची धुरा इंग्लिस यांच्याकडे आली.

पाण्याला शिस्त लावायची तर आधी ते मोजले पाहिजे. त्यासाठी इंग्लिस यांनी कालव्याचा मार्ग एका जागी अरुंद केला. तेथे पाणी वेगाने उतरते आणि पुढे एकदम उसळून उभी लाट तयार होते. या लाटेमुळे खालच्या पाण्याचा परिणाम वर पोहोचत नाही; साहजिकच वरच्या बाजूची पातळी पाहिली की प्रवाह किती, हे कळते. शिवाय लाटेतील खळबळीत पाण्याचा जोर जिरतो आणि कालव्याची धूप टळते. या रचनेवरील त्यांचा निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांची खरी कसोटी मोठ्या नद्यांनी पाहिली. सिंधू नदीवरील सक्कर बंधारा १९३२ मध्ये पुरा झाला, तोच उजव्या तीरावरच्या कालव्यांत वाळू शिरू लागली. बंगालमध्ये गंगेवरील हार्डिंज पुलाचा संरक्षक बांध १९३३ मध्ये फुटला. दोन्हींच्या प्रतिकृती खडकवासल्यास उभ्या राहिल्या. लहान पाणी मोठ्या पाण्यासारखे वागत नाही, ही यातली मेख. वाळूचा कण नदीइतका लहान करता येत नाही, भोवरेही त्याच प्रमाणात आकसत नाहीत. म्हणूनच प्रतिकृतीने आधी नदीचे घडून गेलेले वर्तन बिनचूक दाखवावे, मगच तिच्या भाकितावर भिस्त ठेवावी, असा त्यांचा आग्रह असे. रासायनिक कारखान्यांनाही हीच अडचण छळते. प्रयोगशाळेच्या भांड्यात पंख्याने उत्तम ढवळले गेलेले मिश्रण हजारो लिटरच्या टाकीत तसे जमेलच असे नाही. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पुढे हा खळाळ संगणकावर मांडला गेला.

१९४५ मध्ये इंग्लिस यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी ते भारतातील सेवेतून निवृत्त झाले. मायदेशी स्वस्थ बसणे मात्र त्यांच्या स्वभावात नव्हते. १९४७ पासून १९५८ पर्यंत ब्रिटनच्या नव्या जलशास्त्रीय संशोधन संस्थेचे संचालकपद त्यांनी सांभाळले. वॉलिंगफर्डच्या त्या संस्थेत खडकवासल्याचा अनुभव कामी आला. नद्या व कालव्यांच्या वर्तनावरील त्यांचा ग्रंथ १९४९ मध्ये पुण्याच्या केंद्रानेच प्रकाशित केला. १९५३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.