डुलणारी बेअरिंग

आपल्या मेकॅनिकलच्या लॅबमध्ये एक काचेचं कपाट आहे. त्यात मधोमध कापलेल्या बेअरिंग मांडून ठेवल्यात. व्हायवाचा आदला दिवस सोडला तर तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. मी इथंच शिकलो, आता इथंच शिकवतो, म्हणून हे खात्रीनं सांगतो. पण त्या कपाटातल्या एका बेअरिंगशी माझं जुनं भांडण होतं. ते मिटलं ते स्वीडनमधल्या एका माणसामुळे. त्याचं नाव स्वेन विंगक्विस्ट.

आधी भांडण सांगतो. साल 1989. आम्ही खामगावला राहायचो आणि मी सहावीत होतो. तेव्हा आम्हा पोट्ट्यांचा एकच धंदा, बेअरिंगची गाडी. हायवेवर ट्रकची गॅरेजं. तिथं तासभर पाने उचलून द्यायचे, नट-बोल्ट धुवायचे, की बाद झालेली एखादी बेअरिंग मिळायची. खोक्याची फळी, बाभळीच्या लाकडाचा आस आणि त्याची टोकं तासून ठोकलेल्या बेअरिंग. पुढच्या आडव्या लाकडाला मधोमध एक बोल्ट, दोन टोकांना दोरी. झालं स्टेअरिंग. ब्रेक म्हणजे चपलेचा तळवा. डांबरावरून गाडी निघाली की तिचा खडखडाट अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा.

त्या वर्षी माझ्याकडे 6206 नंबरच्या तीन बेअरिंग जमल्या होत्या. चौथी मिळेना. शेवटी जिनिंगमधल्या एका फिटरकाकांनी भंगारातून एक काढून दिली. माप तंतोतंत तेच. आतून 30 मिलिमीटर, बाहेरून 62, रुंदी 16. फक्त तिच्यात छऱ्यांच्या दोन ओळी होत्या आणि बाहेरची कडी डुलायची. बोटानं ढकलली की तिरपी व्हायची. मला वाटलं, खराब माल दिसतोय. फटीत चिंधी कोंबली आणि मागच्या आसाला ठोकून दिली.

दोन फेऱ्या छान झाल्या. तिसऱ्या फेरीला धाकटा भाऊ बसला. उतारावर चिंधी निसटली, कडी आडवी झाली, आस डांबरात रुतला आणि गाडी नालीत. त्याचा डावा हात मोडला. घरी मी सांगितलं, की वळणावर हा उलटा झुकला म्हणून गाडी पलटली. प्लास्टर त्याला आणि बोलणीही त्यालाच. चिंधीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. मनातल्या मनात मात्र त्या बेअरिंगला शिव्या घातल्या.

पुढं इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मशीन डिझाइनच्या प्रॅक्टिकलला त्याच कपाटातून एक बेअरिंग हातात आली. दोन ओळी, डुलणारी कडी. शेजारी चिठ्ठी होती, सेल्फ अलाइनिंग बॉल बेअरिंग. मी गारच झालो. जिला मी खराब समजलो, ती मुद्दाम डुलावी म्हणून बनवलेली होती! मग ही कुणाला आणि का सुचली, हे शोधत बसलो.

विंगक्विस्टचा जन्म 10 डिसेंबर 1876 चा, स्वीडनमधल्या हाल्सबर्गचा. हे गाव म्हणजे आपल्या भुसावळसारखं रेल्वेचं जंक्शन. त्यानं ओरेब्रोच्या तांत्रिक शाळेत शिक्षण घेतलं, मग कापड विणण्याचं तंत्र शिकला. काही काळ अमेरिकेत राहून आला. 1899 मध्ये गोथेनबर्ग शहरातल्या गाम्लेस्टाडेन भागातल्या कापड गिरणीत तो इंजिनिअर म्हणून लागला. म्हणजे हा काही प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ नव्हता. गिरणी बंद पडू न देणं हे त्याचं काम. मेंटेनन्सचा माणूस.

तेव्हाच्या गिरणीत प्रत्येक मशीनला वेगळी मोटर नसायची. छताखालून लांबच लांब शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून पट्टे खाली यायचे. आपल्याकडच्या जुन्या जिनिंगमध्ये ज्यांनी लाइन शाफ्ट पाहिलाय, त्यांना हे लगेच कळेल. शाफ्ट ठिकठिकाणी बेअरिंगवर टेकलेला असतो आणि ती सगळी टेकणं एका रेषेत असावी लागतात. एक जरी हललं, तर शाफ्ट किंचित वाकतो, बेअरिंग गरम होते, झिजते आणि सगळा विभाग थांबतो.

गोथेनबर्गची जमीन चिकणमातीची. ती खचायची, इमारत हलायची आणि शाफ्टची रेषा मोडायची. हे दुखणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि घराच्या भिंतीला कोपऱ्यातून तिरपा तडा जातो. कितीही लिंपा, पुढच्या वर्षी तडा हजर.

विंगक्विस्टपुढं उपाय होते. साधी घासणारी बेअरिंग वापरली तर शक्ती वाया जायची. छऱ्यांची बेअरिंग वापरली तर घर्षण कमी, पण ती ताठ. साधी एका ओळीची बेअरिंग अंशाच्या अगदी छोट्या भागाएवढाच तिरपेपणा सोसते. त्यापुढं छरे खोबणीत अडकून दबतात. दरवेळी शिडी लावून शाफ्ट सरळ करत बसणं हा तिसरा उपाय. गिरणीत बहुधा तेच चालायचं.

त्यानं प्रश्नच उलटा केला. जमीन खचणारच. मग शाफ्ट तिरपा झाला तरी बेअरिंगला त्रास का व्हावा? त्यानं आतल्या कडीवर दोन खोबणी घेऊन छऱ्यांच्या दोन ओळी बसवल्या. बाहेरच्या कडीला मात्र खोबण ठेवलीच नाही. तिचा आतला पृष्ठभाग गोलाच्या आतल्या बाजूसारखा घडवला आणि त्या गोलाचं केंद्र बेअरिंगच्या मध्यावर ठेवलं. त्यामुळे शाफ्ट, आतली कडी आणि छरे मिळून दोन-तीन अंशांपर्यंत तिरपे होऊ शकतात, तरी छरे सुखानं फिरतात. बाहेरची कडी घरात घट्ट, आतली शाफ्टबरोबर डुलणारी. सगळी अक्कल त्या गोलाईत आहे.

याचं पेटंट 1907 मध्ये झालं. विंगक्विस्ट तेव्हा तिशीत होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत गिरणीच्या मालकांच्या भांडवलावर एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. नावाचा अर्थ साधासुधा, स्वीडिश बॉल बेअरिंग कारखाना. सुरुवातीला कामगार 15. प्रमुख म्हणून विंगक्विस्टच. 1912 पर्यंत कंपनी 32 देशांत पोहोचली होती. 1930 मध्ये 12 कारखाने आणि 21,000 हून अधिक माणसं. 1960 च्या दशकात तिचा कारखाना आपल्या महाराष्ट्रात, चिंचवडला आला.

त्यानं माणसंही चांगली जमवली. अर्विड पाल्मग्रेन हा त्याच कंपनीतला इंजिनिअर. त्यानं 1919 मध्ये हीच डुलण्याची कल्पना रोलरला लावली आणि जड भाराची स्फेरिकल रोलर बेअरिंग आली. पुढं 1947 मध्ये लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन यांनी बेअरिंगच्या आयुष्याचं गणित मांडलं. पेपरात सी भागिले पीचा घन करून आपण जे आयुष्य काढतो, त्याचं मूळ तिथं आहे. म्हणजे त्या गणितात कुणाचे मार्क गेले असतील, तर राग कुणावर काढायचा हे आता कळलं!

वोल्वो हे नावही एसकेएफनंच 1915 मध्ये नोंदवलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ, मी फिरतो. ते आधी बेअरिंगसाठी होतं. 1927 मध्ये त्या नावाची पहिली मोटार बाहेर पडली. विंगक्विस्टनं 1919 मध्ये कंपनीचं रोजचं काम सोडलं होतं, पण स्वीडनच्या उद्योगजगतात त्याचा शब्द पुढंही वजनदार राहिला. 17 एप्रिल 1953 रोजी तो वारला.

गंमत बघा. तो वारला त्याच दशकात तिकडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातली पोरं आमच्यासारखाच उद्योग करत होती. रोलर स्केटची चाकं काढायची, फळीखाली ठोकायची आणि उतारावरून सुटायचं. त्यातूनच स्केटबोर्ड आला. सुरुवातीची चाकं लोखंडाची, मग क्लेची. बारीक खडा आला की चाक अडायचं आणि पोरगं तोंडावर. आत छरे सुटे असायचे, ते सांडायचेही. 1970 च्या दशकात युरेथेनची चाकं आली, मग बंद बेअरिंग आल्या. आज स्केटबोर्डला सहसा 608 नंबरची बेअरिंग असते, आतून 8 मिलिमीटर, बाहेरून 22. तिकडचे ते जुने घरगुती बोर्ड आता हौशी लोक जपून ठेवतात. आमच्या गाड्या चुलीत गेल्या.

आता माझ्या गाडीचं पोस्टमॉर्टेम. विंगक्विस्टची बेअरिंग घरात बसवायची असते, बाहेरची कडी पक्की धरून. मी तिचंच चाक केलं. म्हणजे जी कडी धरून ठेवायला हवी, तीच मोकळी सोडली. ती आडवी होणारच. माल खराब नव्हता. शाफ्टखाली जिनं बहुतेक वर्षानुवर्षं गिरणी चालवली असेल, तिला मी नको तिथं बसवलं आणि वर नावं ठेवली.

शिकवताना हे मला वारंवार आठवतं. होस्टेलवर एखादा पोट्टा दिसतो, सगळ्यांपेक्षा जरा वेगळा डुलणारा. आपण लगेच ठरवतो, हा वाया गेलेला. विंगक्विस्टची गोष्ट वाचल्यापासून मी आधी विचारतो, की आपण याला बसवलंय कुठं?

राहिली चिंधीची गोष्ट. लॅबमधल्या त्या दिवसानंतर दिवाळीला घरी गेलो, तेव्हा भावाला सगळं कबूल केलं. चूक त्याची नव्हती, माझी होती, आणि घरी मी खोटं बोललो होतो. तो हसला. म्हणाला, की चिंधी कोंबताना त्यानं मला पाहिलं होतं. त्या वेळी प्लास्टर घालून बसला असतानाही त्यानं घरी सांगितलं नाही, कारण मग बाबांनी गाडीच मोडून टाकली असती, आणि हात बरा झाल्यावर त्याला पुन्हा बसायचं होतं.

कपाटातली ती बेअरिंग अजून तिथंच आहे. कधी लॅबला आलात तर बाहेरची कडी धरून आतली हलवून बघा. खराब नाहीये ती.