केशवदेव मालवीय : तेलाचा माग काढणारा मंत्री

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीच्या आठवणी अजून निघतात. परंतु स्वातंत्र्यानंतर या शहराचे रूप ज्या तेलाने पालटले त्याचा विषय निघाला, की बोलणे कोयलीच्या कारखान्यापाशी येऊन थांबते. त्या तेलामागे ज्यांची जिद्द उभी होती त्या केशवदेव मालवीयांचे नाव क्वचितच कुणी घेतो. मला ही उणीव फार दिवस जाणवत आली आहे.

मालवीयांचा जन्म ११ जून १९०४ चा. घराणे प्रयागचे. शिक्षण मात्र त्या पिढीच्या पुढाऱ्यांहून निराळे. बहुतेक पुढारी वकिलीकडून राजकारणात आले. मालवीय कानपूरच्या हारकोर्ट बटलर संस्थेत तेलाचे तंत्र शिकले. पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, तुरुंगवास भोगला. पण तेलाचे हे शिक्षण वाया गेले नाही.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्या देशात तेल म्हणजे आसामचा कोपरा. तेल आणणे, शुद्ध करणे, विकणे, सारे परदेशी कंपन्यांच्या हाती. बाहेरचे तेल येथे विकून उत्तम नफा होत असता इतरत्र जमीन धुंडाळण्यात पैसा घालण्याची उत्सुकता त्यांना नसावी, यात नवल नाही. मालवीयांचे म्हणणे साधे होते : ज्याने नीट पाहिलेच नाही, त्याने तेल नाही असे कसे सांगावे? शोध सरकारने स्वतः करावा, असा आग्रह त्यांनी पंडित नेहरूंपाशी धरला. १९५५ साली ते शिष्टमंडळ घेऊन युरोपात व रशियात गेले, रशियन तज्ज्ञ इकडे आले, आणि १४ ऑगस्ट १९५६ रोजी तेल व नैसर्गिक वायू आयोग उभा राहिला.

आता पाहावयाचे कसे? खंबायतच्या बाजूस नद्यांच्या गाळाची सपाट जमीन. खालच्या खडकाचा पत्ता वरून लागत नाही. बाजारात आपण मडके वाजवून घेतो, तसेच काहीसे हे काम. जमिनीत भोके पाडून सुरुंग उडवितात. त्याचा धक्का खाली उतरतो, खडकांच्या थरांवर आपटून परत येतो, आणि जमिनीवर मांडलेली यंत्रे तो टिपतात. परतायला लागलेल्या वेळावरून थर किती खोल आहे, कोठे वर उचलला आहे, याचा नकाशा निघतो. मात्र हा नकाशा खडकाचा आकार सांगतो. त्यात तेल आहे की नाही, हे विहीर खणल्यावरच कळते. १९५८ साली खंबायतजवळ लुणेज येथे तेल लागले. १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले, आणि त्याच महिन्यात अंकलेश्वरी तेल वर आले. त्या विहिरीला नेहरूंनी वसुधारा हे नाव दिले.

यशाच्या या ऐन भरात मालवीयांचे आसन ढळले. ओरिसातील एका खाण कंपनीशी आलेल्या पैशाच्या संबंधावरून न्यायमूर्तींकडून चौकशी झाली, आणि १९६३ साली त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. चरित्रकाराने हे पान झाकू नये. पण त्यांनी लावलेली घडी त्यांच्यावाचूनही चालत राहिली, हेही त्याच पानावर लिहिले पाहिजे.

१९६४ च्या सुमारास रशियन जहाज अकादेमिक अर्खांगेल्स्की खंबायतच्या आखातात आणि मुंबईपुढच्या समुद्रात फिरले. रीत जमिनीवरचीच, फक्त धक्का पाण्यात द्यावयाचा आणि प्रतिध्वनी जहाजामागे ओढलेल्या लांब दोरातील यंत्रांनी टिपावयाचा. त्या नोंदींतून समुद्राच्या तळाखाली एक अवाढव्य उंचवटा दिसून आला. १९७० साली भडोचजवळ आलियाबेट येथे आपली पहिली समुद्रातील विहीर खणली. व्यापारी साठा लागला नाही. तरी काम थांबले नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये सागरसम्राट या तरत्या यंत्रनौकेने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर त्या उंचवट्याच्या चुनखडीत तेल गाठले. तेच मुंबई हाय. त्याच वर्षाच्या अखेरीस मालवीय पुन्हा तेलमंत्री झाले, आणि २१ मे १९७६ रोजी तेथून तेल निघू लागले तेव्हा ते त्या पदावर होते. २७ मे १९८१ रोजी ते वारले. डेहराडूनच्या तेलसंशोधन संस्थेला आज त्यांचे नाव आहे.

मुंबईच्या दक्षिणेचा समुद्र मात्र अजून कोडेच आहे. उत्तर कन्नडच्या जोयडा तालुक्यात, जेथे मराठी व कोकणी घरोघर ऐकू येते, तेथे काळी नदी पाहताना मला हा विषय नव्याने सुचला. ही नदी त्याच तालुक्यात उगम पावते आणि घाट उतरून कारवारपाशी समुद्रास मिळते. सह्याद्रीच्या अशाच नद्यांनी लाखो वर्षे वाहून नेलेला गाळ तळाशी साचून कोकण ते केरळ असे एक विशाल खोरे बनले आहे. सरकारी वर्गवारीत ते तिसऱ्या वर्गात बसते : तेथे तेलाची शक्यता धरली आहे, पण व्यापारी साठा सापडलेला नाही. अडचण अशी, की बऱ्याच भागात गाळाखाली ज्वालामुखीच्या काळ्या खडकाचा थर आहे. धक्क्याचा बराच जोर त्या थरावरूनच परततो, आणि त्याखालचे जुने थर अंधुक दिसतात. शिवाय हा समुद्र मासेमाऱ्यांच्या पोटाचा आहे. धक्के देणाऱ्या जहाजांनी त्यांची जाळी व त्यांचे हंगाम सांभाळलेच पाहिजेत.

तेथे तेल निघेल की नाही, यावर पैज लावण्यात अर्थ नाही. निघाले तरी ते जाळावे किती, हा प्रश्न आजच्या पिढीपुढे आहेच. पण आपल्या घराखाली काय आहे याची नोंद आपल्या हाती असावी, ही मालवीयांची शिकवण जुनी झालेली नाही. तेल आटते, मंत्री जातात. नीट घेतलेली नोंद मात्र पुढच्याच्या कामी येते. केशवदेव मालवीयांनी देशाला तेलाआधी ही सवय लावली, आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण त्यातच आहे.