लेप्टोचे बारसे करणारा नोगुची

२०२४च्या ऑगस्टअखेरीस, गणपती आठ-दहा दिवसांवर आलेले असताना, विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्याच्या कितीतरी सोसायट्यांत शिरले. ते ओसरल्यावर चिखल उपसताना आमच्या घराघरांत एकच बजावणे चालू होते, पायाला चीर असेल तर पाण्यात उतरू नका, लेप्टो होईल. मुंबईच्या आमच्या नातेवाइकांना तर हा शब्द २६ जुलै २००५च्या पुरापासून पाठ आहे. दक्षिण गुजरातेत भाताच्या आणि उसाच्या शेतात राबणाऱ्यांना तो दर पावसाळ्यात ऐकावा लागतो. उंदराच्या मुतातून पाण्यात उतरणाऱ्या या जंतूला 'लेप्टोस्पायरा', म्हणजे बारीक पिळाचा, हे नाव १९१७ साली एका जपानी माणसाने दिले. त्याचे नाव हिदेयो नोगुची. हाच जंतू पुढे त्याला नको तिथे दिसला, आणि ती चूक निस्तरायला गेलेला हा माणूस परत आला नाही. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही त्याचे चरित्र निवडले ते एवढ्यासाठीच.

जपानच्या उत्तर भागात, इनावाशिरो सरोवराकाठच्या खेड्यात १८७६च्या नोव्हेंबरात त्याचा जन्म झाला. पाळण्यातले नाव सेइसाकू. वडील दारूच्या नादी लागलेले, सगळा संसार आई शिकाच्या अंगावर. मूल दीड वर्षाचे असताना आई घराबाहेर कामात होती आणि ते घरातल्या जमिनीतल्या चुलीत पडले. डाव्या हाताची बोटे भाजून एकमेकांना चिकटली. या हाताने शेती होणार नाही हे आईने ओळखले आणि मुलाला शिकवायचे ठरवले. त्या काळच्या शेतकऱ्याच्या घरात ही लहान गोष्ट नव्हती. कोबायाशी नावाच्या शिक्षकांनी त्याला हाताशी धरले. पुढे शाळेत वर्गणी जमली आणि अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. वातानाबे यांनी १८९२ साली शस्त्रक्रिया करून बोटे सुटी केली. हात पूर्ण बरा झाला नाही, पण मुलाने डॉक्टर व्हायचे ठरवले. १८९६ साली घर सोडताना त्याने खांबावर चाकूने कोरून ठेवले की हेतू साधल्याखेरीज या मातीवर पुन्हा पाय ठेवणार नाही. तो खांब अजून जपून ठेवलेला आहे.

टोकियोत वर्षभरात तो वैद्यकीची परीक्षा उत्तीर्ण झाला. पण हा संत माणूस नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पैसा हातात टिकत नसे, उधारी आणि मौजमजा यांत तो वाहून जाई. त्सुबोउची शोयो यांच्या एका कादंबरीत हुशार पण वाया गेलेल्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याचे नाव आपल्या नावाशी जवळजवळ जुळते हे पाहून तो इतका हादरला की त्याने नावच बदलले, आणि सेइसाकूचा हिदेयो झाला. नाव बदलले तरी सवय गेली नाही. अमेरिकेला जाण्यासाठी ठरलेल्या लग्नाच्या मुलीकडून आलेले पैसे त्याने निरोपाच्या मेजवानीत उडवले. चिवाकी मोरिनोसुके या दंतवैद्य मित्राने पुन्हा कर्ज काढून त्याला बोटीवर बसवले. ते लग्न कधी झालेच नाही. आमच्या मते त्याच्या चरित्रातला खरा थोर माणूस हा चिवाकी.

मधल्या काळात तो किताझातो यांच्या संस्थेत जंतुशास्त्र शिकला होता. योकोहामाच्या बंदरात विलगीकरण अधिकारी असताना त्याने बोटीवरचा प्लेगचा रोगी ओळखला. आपल्याकडे पुण्या-मुंबईत ज्या साथीने घरे ओस पाडली, तीच ही साथ. १८९९ साली अमेरिकेचे सायमन फ्लेक्सनर टोकियोला आले तेव्हा नोगुचीने दुभाष्याचे काम केले. त्यांचे सौजन्याचे दोन शब्द त्याने आमंत्रण समजून घेतले आणि १९००च्या डिसेंबरात तो फिलाडेल्फियात त्यांच्या दारात हजर झाला. फ्लेक्सनर अवघडले, पण सापाच्या विषावरचे काम दिले. जिवंत सापाचे विष काढायचे, तेही अधू हाताने! पुढे फ्लेक्सनर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे प्रमुख झाले आणि नोगुचीही १९०४ पासून तिथलाच झाला.

१९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी उपदंशाचा, म्हणजे सिफिलिसचा, जंतू शोधला. तो स्प्रिंगसारखा पिळदार आणि इतका बारीक असतो की साध्या उजेडात सहज दिसत नाही. अशा जंतूंना स्पायरोकीट म्हणतात. नोगुची त्यांच्या मागे लागला तो कायमचाच. त्याचे सगळ्यांत भक्कम काम १९१३ सालचे. त्या काळी वेड्यांच्या इस्पितळांत असे पुष्कळ रोगी असत ज्यांची आधी बुद्धी जाई, मग हातपाय लुळे पडत आणि शेवटी प्राण जाई. या आजाराचा उपदंशाशी संबंध असावा अशी शंका होती, पण पुरावा नव्हता. नोगुचीने अशा मृत रोग्यांच्या मेंदूंचे ढीगभर नमुने रात्र-रात्र बसून तपासले आणि त्यांतल्या काहींत तो पिळदार जंतू दाखवून दिला. वेड म्हणजे बाधा किंवा पूर्वजन्मीचे पाप, असे जगभर मानले जाई. त्यातल्या एका प्रकारामागे जंतू आहे हे डोळ्यांनी दिसले.

पण त्याच सुमारास उपदंशाचा जंतू काचनळीत शुद्ध स्वरूपात वाढवल्याचा जो दावा त्याने केला, तो इतर कुणालाच पुन्हा करून दाखवता आला नाही. आणखी एक डाग आहे. मेलेल्या जंतूंपासून केलेली 'ल्यूटिन' ही चाचणी त्याने शेकडो लोकांना टोचली. त्यांत रोग नसलेले लोक आणि अनाथ मुलेही होती, आणि संमती कुणाची घेतलेली नव्हती. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, खटला मात्र चालला नाही. तेव्हाची पद्धतच तशी होती असे म्हणून हे झाकणे आम्हाला पटत नाही.

आई आता म्हातारी झाली होती. मोठेपणी धडपडत अक्षरे शिकून तिने मुलाला पत्र लिहिले, एकदा येऊन भेट म्हणून विनवले. १९१५ साली तो गेला. जपानच्या अकादमीचा मोठा पुरस्कार मिळाला, सत्कार झाले, आणि त्याने आईला बरोबर घेऊन इसे-ओसाकाची यात्रा घडवली. तीन वर्षांनी ती वारली. तिच्या शेवटच्या वेळी तो जवळ नव्हता.

त्याच १९१८ साली रॉकफेलरच्या पथकाबरोबर तो इक्वेडोरच्या ग्वायाकिल बंदरी गेला. तिथे पीतज्वर माजला होता. त्यात कावीळ होते, काळी ओकारी होते, माणूस आठवड्यात जातो. नोगुचीने काही दिवसांतच जाहीर केले की कारण सापडले, हा एक लेप्टोस्पायराच आहे. लस तयार झाली, दक्षिण अमेरिकेत टोचलीही गेली. पण काविळीचे रोगी म्हणून जे त्याच्यासमोर आले, त्यांत लेप्टोचे रोगी मिसळलेले असावेत. तो जंतू जपानी शास्त्रज्ञांनी १९१५ सालीच शोधला होता आणि दोन्ही आजार बाहेरून सारखेच दिसतात. वर्षानुवर्षे ज्या जंतूवर नजर बसली होती, तोच त्याला दिसला. क्यूबाच्या आग्रामोंते यांनी १९२४ साली उघड शंका घेतली. मग दोन्ही जंतू एकच असल्याचे इतरांनी दाखवले. नोगुचीने मात्र माघार घेतली नाही. पेरूमधल्या ओरोया तापाचे कोडे त्याने याच काळात अचूक सोडवले, त्यामुळे आत्मविश्वास उलट वाढलाच असावा.

१९२७ साली आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एड्रियन स्टोक्स आणि सहकाऱ्यांनी असिबी नावाच्या आफ्रिकी रोग्याचे रक्त भारतातून नेलेल्या लालतोंडी माकडांना टोचले. माकडे आजारी पडली, आणि जंतूंना अडवणाऱ्या गाळणीतूनही रोग पार झाला. म्हणजे हा विषाणू होता, लेप्टोस्पायरा नव्हे. असिबी बरा झाला. स्टोक्स मात्र पीतज्वरानेच वारला.

नोव्हेंबर १९२७ मध्ये नोगुची स्वतः अक्राला पोचला. आजच्या घानाची ही राजधानी. मित्रांनी नको म्हटले होते, वय पन्नाशी उलटलेले. तिथे त्याने शेकडो माकडांवर, दिवसरात्र, बहुतेक एकट्याने काम केले. आपला लेप्टोस्पायरा त्याला तिथे सापडला नाही. परतीची तयारी चालू असताना मे महिन्यात त्याला ताप भरला आणि २१ मे १९२८ रोजी पीतज्वराने तो गेला. शवविच्छेदन करणारे डॉ. यंग यांनाही तोच रोग झाला आणि आठवडाभरात तेही वारले. नोगुचीचा देह शवपेटीत बंद करून न्यूयॉर्कला नेला, तिथे वुडलॉन स्मशानभूमीत तो पुरला आहे. पत्नी मेरी तिथेच त्याची वाट पाहत होती.

जपानने २००४ साली १००० येनच्या नोटेवर त्याचे चित्र छापले. २०२४ साली ते बदलून किताझातो यांचे आले, ज्यांच्या संस्थेत तो शिकला तेच. अक्रात त्याच्या नावाची संशोधन संस्था १९७९ पासून उभी आहे. आणि आमच्या गावातून नोकरीधंद्यासाठी आफ्रिकेला जाणाऱ्या मुलांना विमानात बसण्याआधी पीतज्वराची जी लस टोचून घ्यावी लागते, ती मॅक्स थायलर यांनी त्या असिबीच्या रक्तातल्या विषाणूपासून तयार केली.