जेम्स व्हॅन डर झी

जेम्स ऑगस्टस व्हॅन डर झी (२९ जून १८८६ – १५ मे १९८३) हे आफ्रिकन-अमेरिकन छायाचित्रकार होते. न्यूयॉर्क शहरातील हार्लेम या वस्तीत सुमारे अर्धशतक त्यांनी व्यावसायिक स्टुडिओ चालवला. विवाह, कौटुंबिक समूह, चर्चची मंडळे, क्रीडासंघ, मिरवणुका आणि अंत्यविधी यांची हजारो छायाचित्रे त्यांनी गिऱ्हाइकांच्या मागणीवरून काढली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कृष्णवर्णीय मध्यमवर्ग कसा राहत होता आणि स्वतःला कसे पाहू इच्छित होता, हे समजून घेण्यासाठी आज ही छायाचित्रे महत्त्वाचे साधन मानली जातात. त्यांचे काम वस्तीबाहेर प्रथम गाजले तेव्हा त्यांचे वय ८२ वर्षांचे होते.

बालपण व शिक्षण

व्हॅन डर झी यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेनॉक्स या लहानशा गावी झाला. त्यांच्या आईवडिलांनी पूर्वी न्यूयॉर्कमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या घरी नोकरी केली होती. लेनॉक्स हे धनिकांचे उन्हाळी निवासाचे ठिकाण. तेथे कृष्णवर्णीय कुटुंबे मोजकीच होती. घरात वातावरण संगीताचे आणि चित्रकलेचे होते; जेम्स लहानपणीच पियानो आणि व्हायोलिन शिकले.

वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना पहिला कॅमेरा मिळाला. सुगंधी भुकटीच्या पुड्या विकणाऱ्यास कॅमेरा बक्षीस, अशी एका मासिकातील जाहिरात होती. पुड्या विकल्या गेल्या, कॅमेराही आला. परंतु त्यातून धड छायाचित्र निघेना. तेव्हा मिळकतीतून पैसे साठवून त्यांनी दुसरा कॅमेरा विकत घेतला आणि घरच्या माणसांची व शाळासोबत्यांची छायाचित्रे काढण्यास सुरुवात केली. फिल्म धुणे आणि प्रत छापणे ही कामे ते स्वतःच करून शिकले.

न्यूयॉर्क आणि संगीत

१९०६ साली ते वडील व भावासह न्यूयॉर्कला आले. त्या काळी शिकलेल्या कृष्णवर्णीय तरुणालाही नोकरी मिळे ती हलक्या कामाची. व्हॅन डर झी यांनी हॉटेलात वाढप्याचे आणि इमारतीत लिफ्ट चालवण्याचे काम केले. पुढच्याच वर्षी केट ब्राउन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि काही काळ हे दांपत्य व्हर्जिनिया राज्यात राहिले. तेथेही ते हॉटेलात नोकरी करीत आणि फावल्या वेळात परिसरातील शाळांची छायाचित्रे काढीत.

न्यूयॉर्कला परतल्यावर काही वर्षे छायाचित्रणापेक्षा संगीतावर त्यांची भिस्त अधिक होती. ते व्हायोलिन आणि पियानो शिकवीत. हार्लेम ऑर्केस्ट्रा या लहान वाद्यवृंदाच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता. त्यांच्या बहिणीने हार्लेममध्ये कला व संगीताचे विद्यालय काढले होते. त्याच जागेत त्यांनी छायाचित्रणाचा छोटा व्यवसाय करून पाहिला.

त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते न्यूअर्क येथील एका मोठ्या दुकानात. तेथील छायाचित्र विभागात ते अंधारखोलीतील मदतनीस म्हणून लागले. मुख्य छायाचित्रकार गैरहजर असला की कॅमेऱ्यामागे उभे राहण्याची पाळी त्यांच्यावर येई. गिऱ्हाइकाला कसे बसवावे, हात कोठे ठेवावेत, प्रकाश कोणत्या बाजूने घ्यावा याकडे ते बारकाईने लक्ष देत. काही दिवसांतच गिऱ्हाइके त्यांनाच मागू लागली.

हार्लेममधील स्टुडिओ

१९१६च्या सुमारास त्यांनी हार्लेमच्या १३५व्या रस्त्यावर गॅरंटी फोटो स्टुडिओ उघडला. गेनेला ग्रीनली या त्यांच्या व्यवसायातील सहकारी होत्या. पुढे त्या त्यांच्या द्वितीय पत्नी झाल्या. नंतरच्या काळात स्टुडिओचे नाव जीजीजी असे झाले आणि तो लेनॉक्स ॲव्हेन्यूवरील २७२ क्रमांकाच्या घरात हलला.

काळही अनुकूल होता. दक्षिणेकडील राज्यांतील दारिद्र्य आणि वंशद्वेषी हिंसा यांना कंटाळून लाखो कृष्णवर्णीय लोक उत्तरेकडील शहरांत येत होते. हार्लेममध्ये त्यांची दुकाने, चर्च, वृत्तपत्रे आणि नाट्यगृहे उभी राहत होती. गावाकडे राहिलेल्या आईला आपले बरे चालले आहे हे कळवायचे, तर पत्रासोबत एक छायाचित्र पाठवणे हा सोपा मार्ग होता. पहिल्या महायुद्धावर निघालेले सैनिकही गणवेश घालून स्टुडिओत येत.

स्टुडिओत रंगवलेले पडदे होते: कोठे बागेचा देखावा, कोठे शेकोटी पेटलेली दिवाणखान्याची भिंत. खुर्च्या, पुस्तके, फुलदाण्या असे सामान हाताशी असे. ज्याच्या खोलीत शेकोटी नव्हती त्यालाही शेकोटीशेजारी बसता येई. चांगला पोशाख नसलेल्या गिऱ्हाइकासाठी स्टुडिओत कपडेही ठेवलेले असत.

त्यांचे निम्मे कसब मात्र कॅमेरा बंद झाल्यानंतरचे होते. निगेटिव्हमध्ये उजेड व सावली उलटी उमटते. त्यामुळे सुरकुतीच्या जागी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली की छापलेल्या प्रतीत ती सुरकुती पुसट होते. उलट सुरीच्या टोकाने थर खरवडला की तेथे गडद रेघ उमटते. या युक्तीने व्हॅन डर झी वाकडे दात सरळ करीत, केस दाट करीत, नसलेली अंगठी बोटात आणि नसलेला हार गळ्यात घालीत. काही प्रती ते हाताने रंगवीत. प्रत्येक माणूस निगेटिव्हवर जसा उमटला त्याहून थोडा अधिक देखणा करून द्यावा, हे त्यांच्या धंद्याचे तत्त्व होते. हे काम वेळखाऊ असे, आणि त्याचे वेगळे पैसे नेहमीच मिळत असे नाही.

बहुतेक छायाचित्रांच्या कोपऱ्यात ते आपले नाव, शहर आणि वर्ष निगेटिव्हवरच लिहीत. ही सवय पुढे अभ्यासकांच्या फार उपयोगी पडली.

विवाहाची छायाचित्रे

व्हॅन डर झी यांच्या कामात विवाहाच्या छायाचित्रांचे स्थान मोठे आहे. वधूचा पायघोळ पोशाख, जमिनीवर पसरलेले तलम वस्त्र, हातातील फुलांचा मोठा गुच्छ, शेजारी ताठ बसलेला वर, अशी त्यांची मांडणी असे. गुच्छातील एकही फूल आणि झालरीची एकही घडी ते नशिबावर सोडीत नसत.

१९२६ सालच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात नवदांपत्य रंगवलेल्या शेकोटीजवळ आहे आणि त्यांच्या पायाशी बाहुली घेतलेली एक लहान मुलगी अर्धपारदर्शक रूपात दिसते. ही मुलगी त्या खोलीत नव्हती. दुसऱ्या निगेटिव्हवरील तिची आकृती त्याच कागदावर वेगळी छापून त्यांनी ती तेथे आणली होती. या जोडप्याला पुढे होणाऱ्या अपत्याची ही कल्पना होती. आजच्या पाहणाऱ्याला ती किंचित भाबडी वाटेल. परंतु ज्यांच्या आजा-पणजांना गुलामगिरीत विवाहाचा कायदेशीर हक्कच नव्हता आणि ज्यांची मुले बाजारात विकली जात, त्यांच्या वंशजांनी आपल्या विवाहाच्या छायाचित्रात पुढची पिढी पाहावी यात केवळ हौस नव्हती.

स्टुडिओबाहेरील त्यांच्या छायाचित्रांपैकी १९३२ सालचे सर्वाधिक ज्ञात आहे. त्यात रॅकून या प्राण्याच्या केसाळ कातड्याचे कोट घातलेले स्त्री-पुरुष चकचकीत कॅडिलॅक मोटारीसह दिसतात. पुरुष मोटारीत बसलेला आहे, स्त्री बाहेर उभी आहे. आर्थिक मंदीने देश गांजलेला असतानाचे हे चित्र आहे.

गार्वी यांची चळवळ

१९२४ साली मार्कस गार्वी यांच्या युनिव्हर्सल नीग्रो इम्प्रूव्हमेंट असोसिएशन या संघटनेने व्हॅन डर झी यांना अधिकृत छायाचित्रकार नेमले. गणवेशातील पथके, परिचारिकांच्या रांगा, पिसांची टोपी घालून उघड्या मोटारीतून जाणारे गार्वी अशी असंख्य छायाचित्रे त्यांनी काढली. गार्वी यांना पुढे तुरुंगवास झाला आणि १९२७ साली अमेरिकेतून घालवून देण्यात आले. चळवळीचे वैभव कसे होते हे आज डोळ्यांनी पाहायचे तर मुख्यतः याच छायाचित्रांकडे जावे लागते. नर्तक बिल रॉबिन्सन, कवी काउंटी कलन, मुष्टियोद्धा जो लुईस आणि धर्मोपदेशक ॲडम क्लेटन पॉवेल हेही त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आले. तरीही स्टुडिओ चालला तो न्हावी, शिक्षिका, मोलकरणी आणि दुकानदार यांच्या पैशांवर.

मृतांची छायाचित्रे

हार्लेममध्ये अंत्यविधीच्या वेळी छायाचित्र काढून घेण्याची प्रथा होती. दूरच्या नातलगांना अंत्यविधीला पोहोचता येत नसे. त्यांच्यासाठी ते शेवटचे दर्शन असे. व्हॅन डर झी शवपेटीतील देहाभोवती फुलांची मांडणी करीत आणि वर देवदूत, प्रार्थनेचा मजकूर किंवा मृताचे जिवंतपणीचे चित्र वेगळ्या निगेटिव्हवरून छापीत. मृत बालक झोपी गेल्यासारखे आईवडिलांच्या हाती दिलेले असे एक छायाचित्र त्यांत आहे.

हे काम त्यांना घरातही करावे लागले. पहिल्या विवाहापासून झालेला मुलगा तान्हेपणीच वारला होता. मुलगी रेचल १९२७ साली ऐन तारुण्यात गेली. तिचे शवपेटीतील छायाचित्र त्यांनी स्वतः काढले.

या मालिकेचे द हार्लेम बुक ऑफ द डेड हे पुस्तक १९७८ साली कॅमिल बिलॉप्स आणि कवी ओवेन डॉडसन यांच्या सहभागाने प्रसिद्ध झाले. प्रस्तावना कादंबरीकार टोनी मॉरिसन यांची होती. प्रियकराने गोळी घातलेल्या, परंतु मरेपर्यंत त्याचे नाव न सांगणाऱ्या एका तरुणीची हकिकत त्या पुस्तकात आहे. मॉरिसन यांच्या जॅझ (१९९२) या कादंबरीचे बीज त्या हकिकतीत आहे.

उतरता काळ

दुसऱ्या महायुद्धानंतर हलके व स्वस्त कॅमेरे घरोघरी आले. ज्या प्रसंगासाठी लोक स्टुडिओत येत, तो आता घरातलाच कोणीतरी टिपू लागला. व्हॅन डर झी पारपत्रासाठी लागणारी छायाचित्रे काढू लागले, आणि टपालाने येणारी जुनी, फाटकी छायाचित्रे दुरुस्त करून परत पाठवण्याचा जोडधंदा त्यांनी चालवला. कर्ज वाढत गेले.

१९६७ साली रेजिनाल्ड मॅकघी हे मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाच्या एका प्रदर्शनासाठी सामग्री शोधत त्यांच्या स्टुडिओत आले. तेथे हजारो निगेटिव्ह पेट्यांतून भरून ठेवलेल्या होत्या. जानेवारी १९६९ मध्ये हार्लेम ऑन माय माइंड हे प्रदर्शन उघडले, तेव्हा त्यात सर्वाधिक वाटा व्हॅन डर झी यांच्या कामाचा होता. प्रदर्शनावर वाद झाला. हार्लेमवरील प्रदर्शनात हार्लेमच्या चित्रकार-शिल्पकारांच्या एकाही कृतीला स्थान नव्हते, म्हणून कृष्णवर्णीय कलावंतांनी संग्रहालयासमोर निदर्शने केली. हा आक्षेप रास्त होता. मात्र त्याच दालनांत ज्यांचे काम लोकांनी गर्दी करून पाहिले, ते वृद्ध छायाचित्रकार त्याच वर्षी आपले घर आणि स्टुडिओ गमावून बसले. कर्ज न फिटल्याने पती-पत्नींना लेनॉक्स ॲव्हेन्यूवरील वास्तू सोडावी लागली. पुढची काही वर्षे त्यांनी सरकारी साहाय्यावर काढली. १९७६ साली गेनेला यांचे निधन झाले.

अखेरची वर्षे

१९७८ साली त्यांनी डॉना मुसेंडेन यांच्याशी विवाह केला. त्यांच्या प्रोत्साहनाने व्हॅन डर झी यांनी नव्वदी ओलांडल्यावर पुन्हा कॅमेरा हाती घेतला. मुष्टियोद्धा मुहम्मद अली, पियानोवादक यूबी ब्लेक आणि तरुण चित्रकार जाँ-मिशेल बास्किया यांची व्यक्तिचित्रे या काळातील आहेत. बसण्याची खुर्ची, मागचा पडदा आणि सावकाश घेतलेला प्रकाश या गोष्टी १९२० च्या दशकातल्याच राहिल्या.

मे १९८३ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट स्वीकारण्यासाठी ते वॉशिंग्टनला गेले होते. समारंभानंतर तेथेच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ९६ वर्षांचे होते.

मूल्यमापन

व्हॅन डर झी यांच्यावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा, की त्यांच्या हार्लेममध्ये गरिबी दिसत नाही. १९३० च्या दशकात ॲरन सिस्किंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वस्तीतील कोंदट खोल्या आणि बेकारी यांची नोंद केली. ती छायाचित्रे शेजारी ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो चुकीच्या माणसाच्या दारात ठेवलेला आहे. सिस्किंड बाहेरून पाहणारे होते आणि काय दाखवायचे हे ते ठरवीत. व्हॅन डर झी यांच्याकडे गिऱ्हाईक स्वतःहून, पैसे देऊन येई, आणि आपण कसे दिसावे हे ते ठरवी. वृत्तपत्रांतून आणि व्यंगचित्रांतून कृष्णवर्णीयांची थट्टा रोज छापली जाण्याच्या त्या काळात, ही निवड त्यांना अन्यत्र फारशी कोठे मिळत नव्हती.

२०२१ साली हार्लेममधील स्टुडिओ म्युझियम आणि मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालय यांनी त्यांचा संग्रह जतनासाठी एकत्रितपणे मिळवल्याचे जाहीर झाले. त्यात सुमारे २०,००० छापील प्रती, ३०,००० निगेटिव्ह आणि स्टुडिओतील साहित्य आहे. अनेक छायाचित्रांतील माणसांची नावे नोंदलेली नाहीत. त्यांच्या खाली वधू, जोडपे, कुटुंब एवढेच शब्द, आणि निगेटिव्हच्या कोपऱ्यात व्हॅन डर झी यांनी घातलेले वर्ष आहे.