कै. डॉ. रखमाबाई यांची विद्यासाधना

कै. डॉ. रखमाबाईंच्या बालविवाहाचा खटला सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या वैद्यकीय अभ्यासाची हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते. १८६४ साली मुंबईस जन्मलेल्या या बाई १८८९ साली लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. ग्रंथ तेथे होते; पण रोगी कोठे पाहावयाचे? शहरातील मोठ्या शिक्षण-रुग्णालयांपैकी केवळ रॉयल फ्री रुग्णालयाने १८७७ पासून विद्यार्थिनींस रुग्णशय्येजवळ येऊ दिले होते. परीक्षेचे विघ्न निराळेच! लंडनची रॉयल कॉलेजे स्त्रियांस परीक्षेस बसू देत नसत. निमोण्यास जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या मजसारख्या शिक्षकास हे फार बोचते. शिकू द्यावे आणि पारखू नये, हा कोठला न्याय? अखेर स्कॉटलंडच्या परीक्षा देऊन १८९४ साली त्यांनी सनद मिळविली, आणि पुढे सुरत व राजकोट येथे स्त्रियांच्या रुग्णालयांत दीर्घकाळ सेवा केली. १९५५ साली त्या निवर्तल्या.