कावसजी : पुण्याजवळ नाक परत मिळालेला शेतकरी

टिपू सुलतानचे नाव आपल्या घरांत आदराने घेतले जाते आणि त्याच्या शौर्याच्या कथा आपण मुलाबाळांना सांगतो. आज ज्याचे चरित्र आपल्यापुढे ठेवत आहे, त्या माणसाचे नाक आणि एक हात टिपूच्या कैदेत कापला गेला होता. त्याचे नाव कावसजी. शस्त्रक्रियेच्या इतिहासात हे नाव जगभर ठाऊक आहे. ज्या पुणे परिसरात तो बरा झाला, तेथे मात्र ते फार थोड्यांच्या कानांवर असेल.

नाव पारशी वळणाचे वाटते. तथापि तो मराठा, जातीने शेतकरी असल्याची स्पष्ट नोंद त्याच्याविषयीच्या इंग्रजी वृत्तांतात आहे. १७९० ते १७९२ या काळात इंग्रज, निजाम आणि पेशवे एकत्र येऊन टिपूशी लढले. कावसजी या युद्धात इंग्रज फौजेकडे बैल हाकण्याच्या कामावर होता. तो शिपाई नव्हता. फौजेचे धान्य, तंबू, दारूगोळा हे सारे त्या काळी बैलांच्या बळावर हलत असे, आणि त्या बैलांमागे आपल्या कवठे येमाईत किंवा शिरूर तालुक्यातील कोणत्याही गावात दिसावा तसा साधा कुणबी चालत असे. १७९२ मध्ये तो टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला. नाक आणि हात गमावलेल्या अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला.

हा वृत्तांत टिपूच्या शत्रूंनी लिहिला, हे खरे. नाक कापण्याची शिक्षा त्या काळी अनेक दरबारांत दिली जाई, हेही खरे. परंतु या दोन्ही गोष्टींनी कावसजीचे नाक परत येत नाही, आणि शरीअतचा निकाल तर मुळीच बदलत नाही. माणसाचे अवयव कापून त्याला विद्रूप करणे, ज्याला फिकहच्या भाषेत मुस्ला म्हणतात, ते प्रेषित मुहम्मद (स.) यांनी निषिद्ध ठरवले आहे. युद्धात मजुरीवर आलेल्या माणसाचा जीव घेऊ नये, असाही त्यांचा आदेश हदीसग्रंथांत नोंदला आहे. बैल हाकणारा कावसजी नेमका असाच मजूर होता. मुसलमान राजाच्या राज्यात घडले म्हणून एखादे कृत्य इस्लामी होत नाही.

वर्षाहून अधिक काळ कावसजी नाकाविना राहिला. नाक जाणे म्हणजे आपल्या मराठीत अब्रू जाणे. त्या शेतकऱ्याने ते वर्ष चारचौघांत कसे काढले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. त्यानंतर, १७९३ च्या सुमारास, पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीच्या, म्हणजे कुंभार समाजातील एका वैद्याने त्याला नवे नाक बसवून दिले. ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी क्रिया डोळ्यांनी पाहिली, म्हणून तिचा तपशील आज आपल्या हाती आहे.

वैद्याने प्रथम मेणाचे पातळ पान घेऊन ते नाकाच्या उरलेल्या खुंटावर बेतले. मग ते सपाट करून कपाळावर ठेवले, कडेने रेघ ओढली आणि तेवढी त्वचा सोडवून घेतली. फक्त दोन भुवयांच्या मध्ये तिचा एक अरुंद देठ जोडलेला ठेवला. या देठातून रक्त येत राहावे, हा त्यामागील हेतू. यानंतरचे काम वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे. खुंटावर जुना, कठीण व्रण धरलेला होता. वैद्याने तो तासून काढला. जुने बरे झालेले कातडे काढून तेथे मुद्दाम ताजी जखम केली, तिच्या मागे चीर दिली आणि कपाळावरची त्वचा अर्धी पिळून त्या चिरेत बसवली. विड्यात घालतो तो काथ पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावला आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली कापडे ठेवली. पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे निजवले. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घातले, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापला.

साधन म्हणाल तर मेण, काथ, तूप आणि एक धारदार पाते. तरीही जखम आधी जिवंत मांसापर्यंत तासल्याविना नवी त्वचा धरणार नाही, हे त्या कुंभाराला पक्के ठाऊक होते. आज जळिताच्या रुग्णावर त्वचारोपण करताना हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची असते, किंबहुना अधिकच. कावसजीच्या त्वचेला कपाळाकडून रक्त मिळत होते. जळितावर लावतात ती मांडीची पातळ त्वचा शरीरापासून पूर्ण सुटलेली असते. पहिले दोन दिवस ती खालच्या जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर जगते, मग तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात. मध्ये जळून मेलेले कातडे, पू किंवा साकळलेले रक्त राहिले, तर ती वाळून गळून पडते. म्हणून सर्जन हम्बी नावाचा सुरा वापरतात. त्याच्या लांब पात्याला रूळ जोडलेला असतो आणि त्यावरून कापाची जाडी ठरवता येते. मेलेला थर पापुद्र्यापापुद्र्याने काढत जायचे आणि रक्ताचे बारीक थेंब उमटले की थांबायचे. युगोस्लाव्हियातील झोरा यान्झेकोविच या महिला सर्जनने १९७० मध्ये ही रीत प्रसिद्ध केली. अलीकडे वेगवान पाण्याच्या धारेने जखम साफ करणारी यंत्रे आणि मेलेले कातडे विरघळवणारे अननसाच्या देठातील द्रव्यही वापरात आहे.

वाचक भगिनींनो, चुलीपाशी किंवा स्टोव्हपाशी भाजलेल्या मुलीच्या जखमा खरवडू नका, अशी विनवणी नातलग करतात ती मायेपोटीच. परंतु ते खरवडणे म्हणजे क्रौर्य नव्हे. भूल देऊन केलेली ती रोपणाची मशागत आहे. घरी मात्र भाजलेल्या जागेवर वाहते साधे पाणी वीस मिनिटे सोडावे. शाई, टूथपेस्ट, माती यांचे लेप लावू नयेत, डॉक्टरांना ते आधी काढत बसावे लागते.

दुसरी शंका दीनची. मांडीची त्वचा काढून चेहऱ्यावर लावणे म्हणजे अल्लाहच्या निर्मितीत फेरफार तर नव्हे? हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक अज्ञानकाळात कुलाबच्या लढाईत गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक करून घेण्यास सांगितले. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत हे आले आहे. पुरुषाला सोने निषिद्ध असूनही गमावलेल्या अवयवासाठी ते जायज ठरले. जद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने फेब्रुवारी १९८८ मध्ये एकाच माणसाच्या शरीरातील भाग दुसऱ्या जागी लावण्यास, लाभ हानीहून अधिक असल्यास, अनुमती दिली. उपचारकाळात पट्टीवर ओला हात फिरवून मसह करावा. तेही अपायकारक असेल तर सोडून द्यावे. त्यासाठी रोपण लांबणीवर टाकू नये.

कावसजीचे पुढे काय झाले? शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, जेम्स वेल्स या चित्रकाराने त्याचे चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये त्याची हकीकत छापली गेली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ मध्ये लंडनला हीच क्रिया यशस्वी करून १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. पुण्याजवळची ही विद्या अशा रीतीने युरोपात रुजली. कावसजीला कंपनी सरकारकडून निवृत्तिवेतन मिळत होते. त्या हकीकतीत त्याचे नाव आहे, दोन्ही इंग्रज डॉक्टरांची नावे आहेत; नाक बसवणाऱ्या वैद्याची फक्त जात लिहिली आहे.